फॉर्म भरून आरएसएस फीड कशी बनवायची आणि सांभाळायची

आरएसएस फीड म्हणजे आपल्या नवीन पोस्ट लोकांच्या रीडर अ‍ॅपमध्ये आपोआप पोचवणारी फाइल. आमच्या कोथरूडच्या ट्रेक ग्रुपची फीड मी ऑनलाइन फॉर्म भरूनच बनवते, कोडिंग अजिबात लागत नाही. आधी टायटल, लिंक, डिस्क्रिप्शन भरा, आरएसएस २.० ला चॅनेलसाठी (म्हणजे पूर्ण फीडसाठी) हे तिन्ही कंपल्सरी आहेत. मग एकेक आयटम, म्हणजे पोस्ट, "रविवारी सिंहगड, सकाळी ६ ला आतकरवाडीत भेटू" असं, नवीन नेहमी वर.

पोस्टच्या तारखेत महिना इंग्रजीतच हवा आणि शेवटी प्लस ०५३०, म्हणजे भारतीय वेळ, टाकायचंच (आकडे पण इंग्रजी), तिथे जीएमटी राहिलं तर वेळ साडेपाच तास पुढची दिसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक पोस्टचा वेगळा ओळख कोड, एकदा दिला की बदलू नका, टायपो सुधारताना तो बदलला की जुनीच पोस्ट सगळ्यांना परत नवीन म्हणून जाते आणि लोक वैतागतात हो. फॉर्ममधून तयार झालेली फाइल दर वेळी त्याच नावाने अपलोड करा, आधी व्हॅलिडेटरमध्ये (फीडमधल्या चुका दाखवणारं ऑनलाइन टूल) चेक करून.