मिकी ‘मोकळा’ झाला म्हणून छापायला धावताय? या चुका टाळा

१ जानेवारी २०२४ ला मिकी माउसच्या ‘स्टीमबोट विली’ या १९२८ च्या कार्टूनपटाचा अमेरिकेतला कॉपीराइट संपला. तेव्हापासून टी-शर्ट आणि कॉफीचे मग छापणाऱ्यांच्या त्याच त्या चुका बघतोय.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे अख्खा मिकी मोकळा झाला असं धरून चालणं. मोकळा झालाय तो १९२८ च्या चित्रपटांतला मिकी: कृष्णधवल, हातमोजे नसलेला. माझ्या ओळखीच्या एका तरुण चित्रकाराने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी टी-शर्टांची मालिका काढली. रेषा सुरेख होती, पण मिकीला पांढरे हातमोजे आणि लाल चड्डी. ‘हा कुठल्या चित्रपटातला?’ विचारलं, तर म्हणाला, ‘दादा, मिकी असाच असतो ना!’ विक्रीच्या वेबसाइटने सगळी डिझाइन्स उतरवली, खातं गोठवलं, आधीच्या विक्रीचे पैसेही अडकले. हातमोजे आले १९२९ च्या ‘द ऑप्री हाउस’मध्ये, म्हणजे ते मोकळे झाले २०२५ ला. ‘द बँड कॉन्सर्ट’मधला रंगीत मिकी १९३५ चा, अमेरिकेत प्रदर्शनापासून ९५ वर्षांचा हिशेब लावला तर तो २०३० संपल्यावर, म्हणजे २०३१ ला सुटेल.

मी काम हातात घेतलं की आधी मूळ चित्रपट थांबवत थांबवत बघतो. हव्या त्या फ्रेमची प्रिंट समोर लावतो आणि टोपी, बटणं, बूट अशा प्रत्येक गोष्टीपुढे ती पहिल्यांदा दिसली ते साल पेन्सिलीने लिहितो. साल सापडलं नाही की ती गोष्ट खोडायची. एक संध्याकाळ जाते. तेवढा धीर नसेल त्याने दुसरं काहीतरी काढावं. एआयकडे ‘१९२८ चा मिकी’ मागण्याचा शॉर्टकट तर नकोच. हातमोजे कधी चढवेल, सांगता येत नाही.

दुसरी चूक: अमेरिकेची तारीख भारताला लावणं. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतात. टिनटिन या चित्रकथेच्या पहिल्या, १९२९ च्या पट्ट्या अमेरिकेत २०२५ ला मोकळ्या झाल्या. पण त्याचे चित्रकार एर्जे गेले १९८३ मध्ये, म्हणजे भारतात २०४३ संपेपर्यंत थांबा. खलाशी पॉपायचं उलटं. त्याचे चित्रकार सेगार १९३८ मध्येच गेले, त्यामुळे त्यांनी काढलेला पॉपाय इथे केव्हाच मोकळा आहे.

ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीच्या ओळखचिन्हावरचा हक्क, विसरू नका. वेळेवर नूतनीकरण केलं तर तो संपत नाही. मिकीला दुकानाच्या पाटीवर किंवा लेबलावर बसवू नका, आपलं नाव ठळक छापा आणि डिस्नेशी संबंध नसल्याचं स्पष्ट लिहा.

जुन्या चित्रपटात कुणी नंतर रंग भरलेली प्रत वापरू नका.

आणि आता जुन्या कार्टूनपटांतली बेटी बूप. २०२६ ला मोकळी झाली ती १९३० च्या ‘डिझी डिशेस’मधली बेटी, कुत्र्यासारख्या लोंबत्या कानांची. कानांच्या जागी डूल आले ते नंतर.