रोजच्या प्रवासाला फेरीबोट परवडेल का? हिशेब धक्क्यावर मांडा

जलमार्गाचा विचार सुरू झाला की नकाशावर दोन काठ जोडले जातात, अंतराला बोटीच्या वेगाने भागले जाते आणि मिळालेला आकडा बसच्या वेळेशेजारी ठेवला जातो. हा हिशेब अपुरा आहे. वेळ घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत मोजा.

आधी धक्क्याभोवतीची वस्ती पाहा. दहा मिनिटे चालण्याचे अंतर म्हणजे सुमारे ८०० मीटर. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले की त्याचा निम्मा भाग पाण्यात जातो. म्हणजे रेल्वे स्थानकाच्या तुलनेत पायी येणारे प्रवासी मुळातच कमी. म्हणून जोड-बस धक्क्याच्या फाटकापर्यंत आली पाहिजे आणि तिचे वेळापत्रक बोटीला बांधलेले हवे.

मग चढ-उतार घड्याळ लावून मोजा. अरुंद फळीवरून दोन सेकंदांना एक माणूस जातो असे धरले, तर १५० जण उतरायला पाच मिनिटे आणि तितकेच चढायला आणखी पाच. दोन फळ्या लावल्या की हा वेळ निम्मा होतो. याउलट वेग वाढवून काय मिळते? सहा किलोमीटरला १२ नॉटने (ताशी सुमारे २२ किलोमीटर) १६ मिनिटे लागतात, २४ नॉटने आठ. पण पाणी कापत जाणाऱ्या साध्या बोटीचा वेग दुप्पट करायला शक्ती साधारण आठपट लागते. वेळ निम्मा झाला तरी एका फेरीचे इंधन चौपट. शिवाय लाटा उठून काठ खचतात, त्यामुळे बंदरात वेगावर मर्यादा असतेच. वेगवान सेवा हवीच असेल तर कमी लाटा उठवणारी, दोन अरुंद सांगाड्यांची कॅटामरान बघावी. पण पैसा आधी दुसऱ्या फळीवर खर्च करावा, असे आमचे ठाम मत आहे. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंड फेरीच्या बोटी दोन्ही टोकांनी चालतात. त्या वळवाव्या लागत नाहीत, आणि सुमारे आठ किलोमीटरचे अंतर २५ मिनिटांत कापले जाते.

आता बोटींची संख्या. पाण्यावर १६ मिनिटे, धक्क्याला लावणे आणि दोन फळ्यांवरून चढ-उतार मिळून नऊ, जाऊन-येऊन ५०. उशीर भरून काढायला दहा मिनिटे धरा, म्हणजे ६०. दर १५ मिनिटांनी फेरी हवी तर चार बोटी, आणि दुरुस्तीसाठी पाचवी राखीव. १५० आसनांच्या बोटींनी एका दिशेला तासाला ६०० माणसे जातील. ६० जणांची बस दर सहा मिनिटांनी सोडली तरी तेवढीच. तेव्हा रस्ता खाडीला मोठा वळसा घालत असेल, तिथेच बोट खरी उपयोगी.

भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटर बदलत असेल तर पक्क्या पायऱ्या नकोत; शेवाळाने त्या निसरड्या होतात. तरंगता धक्का घ्या. चाकाच्या खुर्चीला चालेल असा १:१२ उतार ठेवायचा तर चार मीटरला ४८ मीटर लांबीचा पूल लागतो. इतकी जागा आहे का, हे आधी पाहा. ओहोटीच्या सर्वांत खालच्या पातळीला बोटीच्या तळाखाली पाणी किती उरते तेही मोजा. गाळ पुन्हा साचतो, म्हणून उपशाचा खर्च दरवर्षीचा समजावा.

बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात प्लास्टिक आणि दोर अडकणे ही नेहमीची डोकेदुखी. पंख्यापर्यंत पोचायला झाकण असलेली बोट निवडा. धुके आणि वादळाच्या दिवसांसाठी बदली बस आधीच ठरवून ठेवा, आणि फेरी रद्द झाल्याची सूचना धक्क्यासोबत जोड-बसच्या पहिल्या थांब्यावरही लावा.