मोठं आजारपण आणि नोकरी: राजीनामा लिहिण्याआधी या चुका टाळा

माझा मावसभाऊ नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चार वर्षं फिटर होता. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ऑफिसातून बोलावणं आलं. ‘सध्या राजीनामा देऊन टाका ना भाऊ, बरे झाले की घेऊ परत.’ त्यानं तिथंच बसून लिहिलं: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. त्या एका ओळीनं त्याचे 30 हजार रुपये गेले.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर ही अट लागत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. इथे अपंगत्व म्हणजे हातपाय गमावणंच नव्हे. आजारामुळे आधीचं काम करता न येणं हेसुद्धा त्यात येतं. माझ्या भावाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. दर वर्षाचे 15 दिवस, महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे वर्षाला 7,500. चार वर्षांचे 30,000. ‘वैयक्तिक कारण’ लिहिल्यावर मालकानं सरळ हात वर केले.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: आजारपणात कुणी समोर कागद ठेवला तर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, दोघांना दाखवा. नोकरी सोडण्यावाचून इलाज नसेलच, तर आजाराचं नाव, डॉक्टरांचा दाखला आणि ‘या आजारामुळे माझं काम करू शकत नाही’ हे स्पष्ट लिहा.

दुसरी चूक ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची वर्गणी दर महिन्याला कापली जाते (पगाराच्या 0.75 टक्के), तरी आजारपणात लोक आधी धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात पैसे ओततात आणि ईएसआयचं कार्ड महिनाभरानं कपाटातून काढतात. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात किंवा आपल्या ईएसआय दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात जा. तिथून मिळणाऱ्या ‘अनफिट’ सर्टिफिकेटवरच रोख भत्ता ठरतो. संबंधित सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळते. रोज 600 असेल तर दिवसाला 420. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. आणि ज्या दिवसांची पगारी रजा घेतली, त्याच दिवसांचा भत्ता मिळत नाही, तेव्हा रजा कुठे वापरायची हे आधी ठरवा.

खरी गोष्ट पुढे आहे. कॅन्सर, टीबी, किडनी निकामी होणं, अर्धांगवायू अशा 34 दीर्घ आजारांसाठी 80 टक्के दरानं वाढीव भत्ता आहे, गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी आणि सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी-काळांत मिळून 156 दिवसांची वर्गणी लागते. माझ्या भावाकडे ती होती. अर्जच केला नाही, कारण 91 दिवस संपले म्हणजे सगळं संपलं असं त्याला वाटलं. हे आठवलं की अजून जीव तुटतो.

तिसरी चूक: न कळवता घरी बसणं. फोनवर सुपरवायझरला सांगितलं, झालं, असं समजू नका. अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, रजा संपल्यावर आठ दिवस गैरहजर राहिलं की नोकरीवरचा हक्क गेला असं कलम असतं. सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट केलं की कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय, चौकशीशिवाय असं नाव कापता येत नाही. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा रजेचा अर्ज सोपा. तो लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तब्येत नसेल तर घरच्यांनी स्पीड पोस्टानं पाठवावा. दर वेळी सर्टिफिकेट जोडा, मूळ प्रत मात्र फाइलमध्येच ठेवा.

21,000 च्या वर पगार असेल आणि दुकान-ऑफिसात काम असेल, तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि 45 दिवसांपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा आहे. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. नियुक्तीपत्र नीट वाचा, कधी कंपनीचा नियम कायद्यापेक्षा बरा असतो.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण फार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही आहेत. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कलम 20 प्रमाणे काढता येत नाही, पद उतरवता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, तेही नसेल तर अधिसंख्य (म्हणजे खास तयार केलेल्या जादा) पदावर ठेवावं लागतं. खासगीत ही हमी नाही. सरकारी खात्यात असूनही प्रमाणपत्र न काढलेले लोक मी पाहिले आहेत, ‘नाव लागेल’ या भीतीनं. ते काढून घ्या.

आणि पीएफच्या पासबुकात पेन्शन खात्याची रक्कम दिसते ना? नोकरीत असतानाच कायमचं, संपूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची सेवा नसली तरी पेन्शन मिळू शकते, एका महिन्याची वर्गणी असली तरी. इथेही ‘नोकरीत असताना’ हेच शब्द मोलाचे आहेत. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी पासबुकाचं हे पान उघडून बघा.