आजीचं पाऊणकीचं गणित

अलिबागला येताय? कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे आजीनं शिकवलेलं. चतुर्थीला चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब ढोबळच, किनाऱ्यावर कोळीदादांना विचाराच. पावसाळ्यात तर नकोच.

आमच्याकडे विनायकीला हे गणित धाकटी करते, बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत. आठला निघायचं, आतल्या गणपतीला जास्वंद वाहायची, दहाच्या आत परत. एकदा मी गप्पांत रमलो. येताना पाणी मांडीपर्यंत, हातातली एक चप्पल गेली. उरलेली आजीनं कित्येक दिवस ओटीवर ठेवली होती, मुद्दाम.