पॉविसला आलात? आधी मतदार यादीत नाव घाला

आमच्या भागात, म्हणजे वेल्समधल्या पॉविस काउंटीत, नव्याने येणाऱ्या नर्स आणि केअर होममधल्या मुलामुलींना मी पहिला प्रश्न हाच विचारते, "मतदार यादीत नाव घातलं का?" उत्तर ठरलेलं असतं, "ताई, आमचा पासपोर्ट अजून भारतीय आहे." अहो, तरीही हक्क आहे! भारत राष्ट्रकुलात आहे. रीतसर व्हिसावर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशाच्या नागरिकाला इथे मत देता येतं, काउंटी कौन्सिलपासून थेट ब्रिटिश संसदेपर्यंत. आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी इंग्रजी आणि वेल्शमध्ये छापलेलं पत्र यायचं, घरात कोण कोण राहतं ते विचारणारं. ते घरमालकासाठी असेल असं समजून मी सहा वर्षं रद्दीत टाकलं. मग घरासाठी कर्ज मागायला गेले. पगार चांगला, एकही हप्ता थकलेला नाही, तरी बँकेने नकार दिला. ब्रोकरने कागद तपासले आणि म्हणाला, "या पत्त्यावर मतदार यादीत तुमचं नावच नाही." इथे क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्या ती यादी बघतात. आवडलेलं घर हातचं गेलं आणि पुढची दोन वर्षं भाडं भरलं. म्हणून सांगते, ते पत्र टाकू नका. नाव ऑनलाइन घालता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. घर बदललं की पुन्हा घाला.

आता इथल्या राजकारणाबद्दल. पॉविस म्हणजे वेल्सचा जवळपास चौथा हिस्सा, पण वस्ती जेमतेम 1 लाख 33 हजार. कौन्सिलचं मुख्यालय लांड्रिनडॉड वेल्सला. शाळा, रस्ते, कचरा (रिसायकल न होणारा कचरा तीन आठवड्यांतून एकदाच नेतात, तारीख चुकवू नका), वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने हे सगळं कौन्सिलकडे. दवाखाने मात्र हेल्थ बोर्डाकडे (सरकारी आरोग्य मंडळाकडे), त्या तक्रारी नगरसेवकाकडे नेऊन उपयोग नाही.

या कौन्सिलमध्ये बरेच सदस्य अपक्ष असतात. आपली माणसं इथेच पहिल्यांदा गोंधळतात, कारण 'अपक्ष' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिकीट नाकारलेला बंडखोर उभा राहतो. इथे तसं नाही. ग्रामीण वेल्समध्ये अपक्ष ही जुनी परंपरा आहे. गावातला शेतकरी, निवृत्त शिक्षिका असे लोक पक्षाशिवाय उभे राहतात आणि वर्षानुवर्षं निवडून येतात. 2017 नंतर पॉविसमध्ये अपक्ष आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांची आघाडी होती. 2022 ला चित्र बदललं. 68 जागांपैकी लिबरल डेमोक्रॅट 24, अपक्ष 17, कॉन्झर्व्हेटिव्ह 14, लेबर 9, प्लाइड कमरी (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) 3, ग्रीन 1. लिबरल डेमोक्रॅट आणि लेबर एकत्र आले तरी बेरीज 33 होते, बहुमताला 35 लागतात. म्हणजे बजेट मंजूर करून घ्यायला बाहेरची मतं किंवा कुणाची तरी गैरहजेरी लागतेच. आपल्याकडच्यासारखा पक्षांतरबंदी कायदा इथल्या कौन्सिलला नाही, सदस्य मध्येच गट बदलू शकतो. अशा सभागृहात तुमच्या वॉर्डाचा एकटा सदस्यही वजन राखून असतो, आणि तो निवडून येतो काही शे मतांवर.

म्हणून त्याला भेटा. नाव, फोन कौन्सिलच्या वेबसाइटवर असतात. तुमच्या गल्लीतला दिवा, मुलांच्या शाळेची बस, जे असेल ते सांगा. आपली मंडळी जमली की मुंबई-पुण्याच्या महापालिकेवर रात्र रात्र बोलतात, पण आपला इथला नगरसेवक कोण हे दहातल्या एकालाही सांगता येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कौन्सिल टॅक्स आपण भरतो ना? शेजारच्या गुइनेथ काउंटीत 2022 ला 69 पैकी 28 जागा बिनविरोध गेल्या. माणसं पुढे आली नाहीत की असं होतं.

काउंटी कौन्सिलची पुढची निवडणूक मे 2027 मध्ये आहे. कम्युनिटी कौन्सिलची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणारी, मतपत्रिकाही त्याच दिवशी हातात पडते. मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. या निवडणुकीला फोटो ओळखपत्र लागत नाही, संसदेच्या निवडणुकीला लागतं. मुलं सोळाची झाली की त्यांनाही मत आहे, आणि नाव त्याआधीच घालता येतं.

माझ्या मुलीने पहिलं मत 2022 ला दिलं. गावच्या हॉलमध्ये टेबलामागे बसलेल्या आजींनी पट्टी ठेवून यादीत तिचं नाव शोधलं, त्यावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. तिने फुली मारली आणि कागद दोनदा नीट घडी घालून पेटीत टाकला. तिच्या मागे रांगेत आमचा दूधवाला उभा होता.