जुन्या बीएमडब्ल्यू २००२ ची मागची बाजू तीन सेंटिमीटर खाली

माझी गाडी बीएमडब्ल्यू २००२ आहे, १९७४ ची; २००२ हे मॉडेलचं नाव. मागच्या मूळ स्प्रिंगा इतक्या थकल्या होत्या की डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिलिमीटर खाली बसायची. बदलायच्याच होत्या, म्हणून गाडी ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घेतल्या. याहून खाली जाऊ नका असं मी प्रत्येकाला सांगते. या गाडीला मागे तिरके ट्रेलिंग आर्म आहेत, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणारे हात. गाडी जितकी खाली बसेल तितकी चाकं वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड झिजते. हा झुकाव जुळवायची सोय मूळ गाडीत नाही.

जुनीच स्प्रिंग कापू नका. वेढे कमी झाले की ती कडक होते. आठ चालत्या वेढ्यांतला एक कापला तर सुमारे १४ टक्क्यांनी. कापलेलं टोक रबरी पॅडमध्ये नीट बसतही नाही. गॅसने तापवून दाबणं त्याहून वाईट, पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

आधी मापं घ्या. हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांची. जमिनीपासून मोजलंत तर टायरमधल्या हवेनुसार आकडा बदलतो. शॉकअब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, गिअरसुद्धा मागचीच चाकं धरतो. ती हवेत गेली की ठोकळ्यांशिवाय गाडीला धरणारं काही उरत नाही. स्टँड बॉडीच्या मजबूत भागाखाली द्या, चाक काढा आणि जॅक आर्मच्या टोकाखाली आणून थोडा भार घ्या. मगच शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा. आर्मला खाली पडण्यापासून तोच अडवत असतो, म्हणून जॅक न लावता तो बोल्ट काढणं म्हणजे दाबलेली स्प्रिंग अंगावर घेणं.

अँटीरोल बार (वळणावर गाडी कलणं कमी करणारी दांडी) असेल तर त्याची लिंक सोडवा. आता जॅक अगदी सावकाश उतरवा आणि नजर ब्रेकच्या होसवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) ठेवा, तो ताणला जाता कामा नये. ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) फार तिरपा होऊ लागला तर बाहेरच्या टोकाचे बोल्ट काढून तो तारेने वर बांधा. आर्म पुरेसा खाली आला की स्प्रिंग हाताने निघते. निघत नसेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, पहारीने उचकटू नका. एका वेळी एकच बाजू खोला; अडलात तर दुसरी बाजू बघायला शाबूत असते.

नव्या स्प्रिंगबरोबर रबरी पॅडही नवे घाला. स्प्रिंगचं टोक पॅडच्या पायरीला टेकेपर्यंत फिरवा, आर्म वर घ्या, शॉकअब्सॉर्बर जोडा. मग जॅक पुन्हा पूर्ण उतरवून स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती सैल वाजत असेल तर मोठ्या खड्ड्यात जागेवरून निसटू शकते. अशा वेळी कमी लांबीचा शॉकअब्सॉर्बर लागतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, पहिल्या खेपेला मीही गाळली होती. आर्म बॉडीला जिथे जोडतो तिथल्या बुशमधलं रबर फिरत नाही, पिळलं जातं. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि चाकं जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. माझी गाडी त्यामुळे १० मिलिमीटर उंच बसली आणि वर्षभरात बुश फाटले. आता मी आर्मचे बोल्ट सैल ठेवून गाडी खाली उतरवते, काही मीटर पुढे-मागे ढकलते, मागून दाबून हलवते, मग चारही चाकं जाड फळ्यांवर घेऊन, गाडीचं वजन चाकांवर असतानाच ते आवळते. जुने बोल्ट तुम्ही उघडले नसतील तरी उंची बदलल्यामुळे ते सैल करून पुन्हा आवळायलाच हवेत.

मागची बाजू खाली गेली की पुढचे दिवे वर बघू लागतात, तेही जुळवा. तुमची गाडी वेगळी असेल आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असेल, तर तो नव्या उंचीला जुळवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. खाली बसलेली गाडी त्याला सामानाने लादलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात.

अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन तपासून घेण्याची, घाई मी केली नाही. ३०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजलं तेव्हा डाव्या-उजव्यात ३ मिलिमीटरचा फरक होता, ५०० ला तेवढाच. मगच गाडी अलाइनमेंटला नेली.