गणिताचे पेपर तपासताना एका चुकीचे गुण एकदाच कापा

"गणित तपासायला काय लागतं? उत्तर बरोबर तर गुण, चूक तर भोपळा." सहामाहीचे गठ्ठे वाटले की स्टाफरूममध्ये नव्या शिक्षकाला हा सल्ला हमखास मिळतो. असा सल्ला देणाऱ्याच्या गठ्ठ्यातून हुबेहूब तीच चूक केलेले दोन पेपर शोधून शेजारी ठेवावेत. एकावर अडीच गुण असतात आणि दुसऱ्यावर एक. पालक शाळेत येतात ते याच कारणाने, आणि त्यांचं म्हणणं खरं असतं.

पुढचं सगळं राज्य मंडळाच्या दहावीच्या धर्तीवरच्या पेपराला धरून आहे. बीजगणिताचा भाग १ आणि भूमितीचा भाग २, प्रत्येकी ४० गुण आणि २ तास. तपासायची रीत मात्र आठवी-नववीलाही हीच चालते.

नमुना उत्तरं स्वतः सोडवून काढा, तीही पेनाने आणि पूर्ण. गाइडमधलं उत्तर उतरवू नका. त्यात छपाईच्या चुका असतात आणि पद्धत एकच असते. वर्गात मात्र तीन पद्धती येतात, त्यातली एक क्लासमधली असते. दोन चलांतली समीकरणं "क्रेमरच्या पद्धतीने सोडवा" असं स्पष्ट विचारलं असेल तर तीच पद्धत हवी. फक्त "सोडवा" म्हटलं असेल तर निश्चयक (म्हणजे क्रेमर), लोप, आलेख सगळं सारख्याच गुणांचं. "आम्ही हे असं शिकवलं नव्हतं" म्हणून गुण कापता येत नाहीत.

प्रत्येक उत्तरासमोर गुणांचे तुकडे लिहा. अर्ध्याच्या खाली जाऊ नका, पाव गुण कुणालाच धड देता येत नाही. ओळी मोजून गुण वाटू नका, कारण एक मूल दोन ओळी एकीत बसवतं आणि दुसरं एकीच्या तीन करतं. सूत्र आठवणं, किमती योग्य जागी भरणं, हिशोब करणं, उत्तर एककासह मांडणं अशा वेगवेगळ्या कामांना गुण द्या.

मग लाल पेन बाजूला ठेवून गठ्ठ्यातले दहा पेपर नुसते वाचा. वरचे दहा घेऊ नका. हजेरी क्रमांकाने लावलेल्या गठ्ठ्यातून दर चौथा-पाचवा पेपर काढा. या दहांतच वर्गाच्या बहुतेक चुका भेटतात, आणि गुणांची वाटणी कुठे दुबळी आहे तेही कळतं. ती आताच दुरुस्त करा. विसावा पेपर तपासून झाल्यावर ती सुधारायची असेल, तर मागचे वीस पुन्हा उघडायची तयारी हवी.

तपासणी प्रश्नाप्रमाणे करा, पेपराप्रमाणे नाही. पंचेचाळीस पेपरांचा प्रश्न १, मग पंचेचाळीसांचा प्रश्न २. पेपर उलटण्यात थोडा वेळ जातो हे खरं, पण गुणांची वाटणी डोक्यात पक्की असल्यामुळे तो भरून निघतो. शिवाय ज्याने पहिला प्रश्न सुरेख सोडवला, त्याच्या चौथ्या प्रश्नातल्या चुकीकडे नकळत कानाडोळा होतो, तोही थांबतो. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पत्त्यांसारखा पिसा, म्हणजे तेच पाच पेपर दर वेळी दमलेल्या हातात येणार नाहीत. नाव असलेला कोपरा दुमडून ठेवा.

आता खरी डोकेदुखी. मधल्या पायरीत चूक झाली आणि मूल तोच चुकीचा आकडा घेऊन नीट पुढे गेलं, तर काय करायचं? इथेच एका शाळेतले दोन परीक्षक दोन टोकांना जातात. एक जण पहिल्या चुकीवर फुली मारून खालचं सगळं सोडून देतो. दुसरा "प्रयत्न केलाय" म्हणून दोन गुण टाकतो. दोघेही पेपर वाचतच नाहीत.

एक तीन गुणांचा प्रश्न घेऊ. अंकगणिती श्रेढीचं पहिलं पद ७, प्रत्येक पद आधीच्यापेक्षा ४ ने मोठं, पहिल्या ३० पदांची बेरीज काढा. सूत्राला १, किमती भरण्याला १, हिशोब आणि उत्तराला १. पहिल्या पदाची दुप्पट १४, त्यात २९ × ४ म्हणजे ११६ मिळवले की १३०. त्याची १५ पट (३० च्या निम्मे) १९५०.

पहिल्या मुलाने २९ × ४ = १०६ केलं. पुढे १४ + १०६ = १२०, आणि १५ × १२० = १८००. पाढ्यात एकदा घसरला, बाकी सगळं चोख. अर्धा गुण कापा आणि अडीच द्या. १८०० हे उत्तर चूक आहे म्हणून हिशोबाचा अख्खा गुण खाऊ नका.

दुसऱ्याने सूत्र बरोबर लिहिलं, पण भरताना २९ ऐवजी ३० घेतले. ३० × ४ = १२०, १४ मिळवून १३४, उत्तर २०१०. ही घसरगुंडी नव्हे. पदं ३० असली तरी त्यांच्यामधल्या उड्या २९ असतात, हेच त्याला दिसलेलं नाही, आणि किमती भरण्याचा गुण त्यासाठीच ठेवला होता. तो गेला. पण १२० पासून २०१० पर्यंतचा हिशोब त्याच्या आकड्याला धरून बिनचूक आहे, तेव्हा तो गुण त्याचा. दोन गुण.

तिसऱ्याचं सूत्रच चुकलं, त्यात "पदांच्या संख्येतून एक वजा" हा भागच नाही. उत्तर त्याचंही २०१०. सूत्राचा गुण गेला, पण उड्यांची चूक तिथे वसूल झाली. पुन्हा किमती भरण्यातही तीच कापली तर एका चुकीचा दंड दोनदा होतो. त्यालाही दोन. दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक देणारे परीक्षक पुष्कळ भेटतात. कारण विचारलं की "सूत्रच येत नाही" म्हणतात. दुसऱ्याला तरी कुठे कळलंय?

चौथ्याने १२३ काढून सोडून दिलं. घाई करू नका. १२३ हे तिसावं पद आहे, आणि पहिलं व शेवटचं पद मिळवून १५ ने गुणलं तरी १९५० च येतं. म्हणजे तो दुसऱ्या, पूर्ण वैध रस्त्याने अर्ध्यावर आलेला असू शकतो. "तिसावे पद = १२३" लिहून थांबला असेल तर दीड द्या. "बेरीज = १२३" लिहिलं असेल तर पद आणि बेरीज यांतला फरकच त्याला कळलेला नाही, त्याला हिशोबापुरता अर्धा.

चुकीनंतरच्या बिनचूक कामाचे हे पाठोपाठचे गुण द्यायचे तर त्याच्या आकड्याने पुढचा हिशोब आपण करून बघावा लागतो, अंदाजाने चालत नाही. म्हणूनच दहा पेपर वाचताना चुकीच्या उत्तरांची यादी करून ठेवा: १८०० – अडीच, २०१० – दोन, १२३ – काय लिहिलंय ते बघून. नवी चूक भेटली की निर्णयासकट यादीत जोडा. ही यादी नमुना उत्तरपत्रिकेपेक्षा जास्त कामाला येते. फक्त यादीतला आकडा दिसला म्हणून मधलं न वाचता गुण टाकू नका. २०१० ला निदान दोन वाटांनी पोचता येतं हे आत्ताच पाहिलं.

पाठोपाठचे गुण कुठे थांबवायचे हेही आधीच ठरवा. चुकीमुळे पुढचं काम सोपं झालं असेल तर पूर्ण गुण नाहीत. २क्ष² − ७क्ष + ३ = ० हे समीकरण उतरवताना शेवटचा ३ गाळला, की एका ओळीत क्ष बाहेर निघतो आणि अवयव पाडायचं मुख्य कामच उरत नाही. तीन गुणांच्या प्रश्नाला इथे एकापेक्षा जास्त देऊ नका. उलट + ३ चा − ३ झाला, तर विवेचक २५ ऐवजी ७३ येतो, पूर्ण वर्ग राहत नाही आणि काम अवघड होतं. तिथे उतरवण्याचा अर्धा कापा आणि पुढचं त्याच्या समीकरणाने तपासा.

उत्तर अशक्य असेल तर शेवटचा उत्तराचा गुण जातो. काटकोन त्रिकोणाच्या ९ आणि १२ सेमी भुजांवरून कर्ण काढताना बेरजेऐवजी वजाबाकी केली, की ६३ चं वर्गमूळ येतं, आठपेक्षाही कमी. बारा सेमीच्या भुजेहून आखूड कर्ण लिहून ज्याला काही खटकलं नाही, त्याला त्यावरून काढलेल्या परिमितीच्या पद्धतीचा गुण मिळेल, उत्तराचा नाही. वडिलांचं वय उणे बारा आलं तरी हाच न्याय.

आणि बरोबर उत्तराला भुलू नका. दोन चिन्हं चुकून एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर जुळतं. त्रिकोणमितीतल्या "सिद्ध करा" मध्ये तर उत्तर छापलेलंच असतं. मूल वरून चार ओळी खाली येतं, खालून दोन ओळी वर जातं आणि मधला सांधा "म्हणून" लिहून बुजवतं. सांध्यापर्यंतचे गुण द्या, पुढचे नाही. मधलं काहीच न लिहिता नुसतं बरोबर उत्तर आलं, तर तीनपैकी एक. शून्य देणं आकसाचं आणि तीन देणं कॉपीला आमंत्रण.

बाकीच्या गोष्टी भराभर.

कृती पूर्ण करायच्या दोन गुणांच्या प्रश्नात चार चौकटी असतील, तर प्रत्येकीला अर्धा. दुसरी चौकट पहिलीवर अवलंबून असेल तर वरचाच नियम. "कोणतेही दोन" मध्ये तीन सोडवले असतील तर तिन्ही तपासा आणि सर्वांत जास्त गुणांचे दोन धरा. खोडलेलं उत्तर, खाली दुसरं लिहिलेलं नसेल आणि वाचता येत असेल, तर तपासा. एकक विसरलं तर प्रश्नात एकदाच अर्धा कापा, ओळीओळीला नाही. घनफळाला चौसेमी लिहिणं हे विसरण्यातच धरा. पाय २२/७ घ्यायचा की ३.१४ हे पेपरात दिलेलं नसेल तर दोन्ही बरोबर. ७ सेमी त्रिज्या आणि १० सेमी उंचीची वृत्तचिती एकाला १५४० घसेमी देईल, दुसऱ्याला १५३८.६.

आकडे वाचताना डोळे उघडे ठेवा. पुण्यातल्या अनेक मराठी शाळांत सेमी इंग्रजीच्या तुकड्या आहेत, आणि मुलं एकाच गणितात दोन्ही आकडे मिसळतात. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ५ इंग्रजी चारसारखा, आणि घाईत काढलेला देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. "चूक" म्हणण्याआधी त्याच पानावर त्या मुलाने इतरत्र काढलेला तोच आकडा शोधून ताडून बघा. भाषा मिसळली म्हणून गणितात गुण जात नाहीत.

रचनेसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून एक पारदर्शक शीट आणा आणि बरोबर आकृती तीवर काढून ठेवा. मुलाच्या आकृतीवर ठेवली की दहा सेकंदांत निकाल. लांबीत १ मिमी आणि कोनात १ अंश इतकी सूट पुरे. पेपर तुम्हीच काढत असाल तर आकडे शहाणपणाने निवडा: त्रिज्या ३ सेमी आणि केंद्रापासून ५ सेमीवरचा बिंदू घेतला, तर स्पर्शिकाखंड बरोबर ४ सेमी यायला हवा, पट्टी लावली की झालं. यात जोडलेल्या दोन मोजमापांची चूक साठते, म्हणून २ मिमीपर्यंत सोडा. कंपासचे कंस दिसलेच पाहिजेत. पट्टी डोळ्यांनी वर्तुळाला टेकवून ओढलेली स्पर्शिका ४ सेमी भरली तरी तिला वर्तुळ आणि बिंदूपुरतेच गुण.

प्रश्न संपला की पहिले पाच पेपर काढून गुण झाकून पुन्हा तपासा. एखाद्यात अर्ध्यापेक्षा जास्त फरक पडला तर पहिले वीस परत. दोन तुकड्या दोन शिक्षकांकडे असतील, तर सुरू करण्यापूर्वी न तपासलेल्या पाच पेपरांच्या झेरॉक्स काढून दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात आणि मग समोरासमोर बसून चुकीच्या उत्तरांची एकच यादी करावी. "मी जरा कडक तपासतो" असं अभिमानाने सांगणाऱ्याला या बैठकीत आवर्जून बसवा.

गुण त्या त्या पायरीसमोर समासात लिहा, प्रश्नाची बेरीज वर्तुळात. पुढे मंडळाच्या परीक्षेत मूल गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन सगळं मागू शकतं. ते मंडळ इथेच पुण्यात, भांबुर्ड्यात, आघारकर संस्थेच्या मागे बसतं. गुण कुठे गेला हे शाळेच्या पेपरातही दिसायला हवं.

बेरजेआधी पुरवणी, आलेख कागद आणि शेवटचं पान उलटून बघा. सर्वांत जास्त गुण हरवतात ते "प्रश्न ४ पुढे चालू" असं लिहिलेल्या पुरवणीत. बेरीज दोनदा करा, एकदा प्रश्नांप्रमाणे आणि एकदा पानांप्रमाणे. दोन्ही जुळले तरच मुखपृष्ठावर आकडा चढवा.

पेपर परत देताना गुणांची वाटणी फळ्यावर लिहा आणि तक्रार तोंडी घेऊ नका, पायरी दाखवून कागदावर मागा. मुलाचं म्हणणं बरोबर निघालं आणि चूक गुणांच्या वाटणीतच असेल, तर एकट्याचे गुण वाढवून विषय मिटवू नका. पंचेचाळीसही पेपर परत घ्या, तो प्रश्न सगळ्यांचा बघा, बदललेल्या आकड्याशेजारी सही करा आणि गुणतक्ता त्याच दिवशी दुरुस्त करा.